दोन पाट्या आणि एक ‘पा.’

शनिवारी दुपारी बाबांनी दोन पाट्या खाकी कागदात गुंडाळल्या, दोन्हींवर पेन्सिलीने ‘पा.’ असं लिहिलं आणि मामाला आणायला ते बसस्टँडवर निघून गेले. जाताना म्हणाले, “दोन्ही पोचवून ये. कोणाची कुठली ते वर लिहिलंय.”

एक पाटी पाळकांची होती, चर्चसाठी. दुसरी पाववाल्यांची, त्यांच्या बेकरीसाठी. पाळक म्हणजे पा. पाववाले म्हणजेही पा. तसं बघितलं तर पाटी म्हणजेही पा., त्यामुळे बाबांनी माणसाचं नाव लिहिलंय की आतल्या वस्तूचं, हाही प्रश्न होता. मी बाबांना फोन लावला. फोन आमच्याच टेबलावर, माझ्यासमोर वाजला. मी उचलला नाही.

मग मी दोन्ही पाट्या हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. दोन्ही एकाच प्लायवूडमधून बरोबर मधोमध कापलेल्या. दोन्हींना पांढऱ्या रंगाचं अस्तर मीच दिलेलं, दोन्हींवर बाबांनी निळ्या रंगात लिहिलेलं. हलवूनही पाहिल्या. पाटी आवाज करत नाही.

“आई, यातली चर्चची कुठली?”

आई शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होती. तोंडात दोन टाचण्या होत्या. “जड असेल ती देवाची.”

“दोन्ही सारख्याच आहेत.”

“मग उघडून बघ.”

उघडायला हरकत नव्हती. पण बाबा सुतळीला ज्या गाठी मारतात त्या सोडत बसण्यापेक्षा देवावर सोडलेलं बरं, असं मला वाटलं. मी उजव्या हातातली चर्चला दिली आणि डाव्या हातातली बेकरीत. उजवी बाजू जास्त चांगली असते असं कुठेतरी ऐकलं होतं.

हा नुसता आळस नव्हता. देवावर सोडायची आमच्या घरात पद्धतच होती, ती सांगते.

बाबा वीस वर्षं पाट्या रंगवतायत. सगळा भाग त्यांना पेंटर म्हणतो, पाळकसुद्धा. मग आमच्या समोरच्या गाळ्यात फ्लेक्सवाला आला. त्याच्याकडे एक मशीन आहे. ते अर्ध्या तासात बारा फुटी चेहरा छापून बाहेर काढतं. बाबांना एक ‘क्ष’ नीट काढायला तेवढाच वेळ लागतो. तेव्हा सात आठवडे बाबांना काम नव्हतं. ते रोज सकाळी ब्रश धुवायचे, सुकवायचे आणि डब्यात ठेवायचे. इतके स्वच्छ ब्रश मी कधी पाहिले नव्हते.

रोज जेवायच्या आधी बाबा प्रार्थना करायचे आणि त्यात फक्त आजचं मागायचे. उद्याचं मागणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे टेबलावर ‘उद्या’ हा शब्द काढायला बंदी होती. शाळेत असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जेवताना सांगायचे, “झोपून उठल्यावर गणिताचा पेपर आहे.” ते चालायचं.

आणि खरं सांगायचं तर, मिळत होतं. एकदा शेजारीण आठवडाभर बाहेरगावी जाताना फ्रीज आमच्याकडे रिकामा करून गेली. तीन दिवस आम्ही लोणी आणि काकडी खाल्ली. एकदा आईने ज्याच्या जॅकेटची चेन बदलली तो अंड्यांचा व्यापारी निघाला. सात आठवड्यांत आम्ही एकदाही उपाशी झोपलो नाही, हे मी शपथेवर सांगीन. रोज काय खाल्लं, एवढं मात्र कुणी विचारू नये.

आईचाही देवावर विश्वास होता, पण तिचा विश्वास पहाटे उठून कामाला लागणारा होता. “पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, सगळं खरं,” ती बाबांना म्हणायची. “पण अहो, पाखरं पहाटे पाचला कामाला निघतात. तुम्ही फोनकडे बघत बसता.”

त्यात मामा. आईचा धाकटा भाऊ. बसने दोन तासांवरच्या एका मोठ्या गोदामात हेडक्लार्क आहे. सात आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तो आला आणि हात धुवायच्या आधी म्हणाला, “भावोजी, आमच्या गेटवर माणूस हवाय. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर रजिस्टरमध्ये लिहायचे. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी घरी. तुमच्यासाठीच आहे बघा, लिहायचंच काम!”

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ताटात भलतंच काहीतरी निघावं. म्हणाले, “हे काय?”

बस. पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. मामा तरीही दर रविवारी येत राहिला. पण या खेपेला तो शनिवारीच येणार होता, कारण गोदामाचा मालक आता थांबायला तयार नव्हता. सोमवारी सकाळी माणूस गेटवर हजर पाहिजे, नाहीतर दुसरा ठेवणार. म्हणजे बाबांनी रविवारी काय ते सांगायचं होतं. ब्रश की गेट.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, बुधवारी, दोन पाट्यांची कामं आली. एकाच दिवशी.

“बघ,” बाबा आईला म्हणाले, “एक मागितलं तर दोन दिली. देव सांगतोय, ब्रश सोडू नकोस.”

“देव तसं म्हणाला असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या,” आई म्हणाली.

पाट्यांवरचा मजकूर असा होता. पाळकांना प्रार्थनेतली एक ओळ व्यासपीठामागे लावायची होती, पण पाटी लहान आणि ओळ मोठी. म्हणून त्यांनी ती आटवून दिली: ‘बापा, आजची भाकर आज दे.’ पाववाले हे पन्नाशीचे, अविवाहित आणि सकाळपासून तापलेले गृहस्थ. भट्टी आणि ते यांत कोण आधी तापतं याबद्दल मतभेद आहेत. त्यांची गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक प्रकार कालचे पाव स्वस्तात मागतो. दुसरा उद्याचे आजच बाजूला काढून ठेवायला सांगतो आणि उद्या येत नाही. दोघांना एकदाच उत्तर मिळावं म्हणून त्यांनी मजकूर दिला: ‘रोज ताजे. कालचे मागू नये. उद्याचे आज मिळणार नाहीत.’

आता माझ्या उजव्या आणि डाव्या हाताने काय केलं असेल, ते कळलंच असेल. मला रविवारी सकाळी साडेनऊला कळलं.

आमचं चर्च म्हणजे एक लांबट हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन उभे पंखे. पाटी आदल्या दिवशीच खिळ्यावर चढवून ठेवली होती, पण कागदासकट, कारण अनावरण करायचं होतं. त्याचा मान मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईंचा, रिटायर्ड नर्सबाईंचा. त्या स्टुलावर चढल्या, गाठी बघितल्या, आणि पर्समधून बारीक कात्री काढली. चाळीस वर्षं टाके कापलेली बाई. दोन कटांत सुतळी खाली आणि कागद त्याच्या मागोमाग.

आमच्या मंडळीला समोर लिहिलेलं एका सुरात मोठ्याने वाचायची सवय आहे. कुणी ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लागत नाही. साठ माणसांनी एका दमात वाचलं:

“रोज ताजे! कालचे मागू नये! उद्याचे आज मिळणार नाहीत!”

आणि सवयीप्रमाणे पुढे, “आमेन.”

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारलं, “हे कुठल्या अध्यायात आहे?”

बाबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी आमेन म्हटलं नव्हतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘नाही, नाही’ अशी मान हलवत होता.

“भावोजी, हे तुम्ही लिहिलंत?” मामा कुजबुजला.

“अक्षर माझंच आहे,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढऱ्या अस्तरासारखा झाला होता. सात आठवड्यांत देवाने दोन कामं दिली, आणि ती दोन्ही आपण अशी घालवली, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. कुणी एका सुरात वाचलं नाही एवढंच.

पाळकांनी मागे वळून पाटी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली.

“मी हे सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “पण यात चूक काढायला जागा नाही.”

त्यांनी हातातली उपदेशाची पानं मिटली आणि शर्टाच्या खिशात घातली.

“वाळवंटातल्या लोकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी तंबूबाहेर जमिनीवर अन्न पडलेलं असायचं. रोज ताजं. त्या दिवसापुरतं गोळा करायचं. पण काही हुशार माणसांनी काय केलं, थोडं उद्यासाठी झाकून ठेवलं. सकाळी झाकण काढून बघतात तर...”

दार उघडलं. दारात पाववाले उभे होते, कोपरापर्यंत पिठाने माखलेले, काखेत निळ्या अक्षरांची पाटी.

“पेंटर कुठे आहेत?” ते म्हणाले.

साठ बोटं बाबांकडे वळली. मंडळीत एकी आहे.

बाबा उभे राहिले. “मी इथे. माझी चूक...”

“सकाळी सहापासून!” पाववाले म्हणाले. “सकाळी सहापासून लोक मला बापा म्हणतायत! दूधवाला म्हणतो, बापा, आजची दे. शाळेतल्या बाई, एवढ्या शिकलेल्या, त्या म्हणतात, बापा, चार दे, दोन जरा कडक. मी आत भट्टीपाशी, मला काय माहीत बाहेर काय टांगलंय! अहो, माझं लग्न झालेलं नाही!”

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

“पाटी लावली कोणी?” पाळकांनी विचारलं.

“माझ्याच माणसाने. मी म्हटलं, अरे, वाचलीस ना? म्हणतो, वाचली. मग बोलला का नाहीस? म्हणतो, मला वाटलं मालक सुधारले.” पाववाल्यांनी कपाळावरचा घाम पुसला, तिथे पीठ लागलं. “आणि एक म्हातारा आला. काउंटरसमोर हात जोडून उभा. मी म्हटलं, काय पाहिजे? तो म्हणाला, वर लिहिलंय ते. त्याच्या खिशात एक पैसा नाही.”

“मग?” नर्सबाई स्टुलावरूनच म्हणाल्या.

“मग काय मग! दिला. वर लिहून टांगलंय आणि खाली नाही म्हणू?” आता त्यांची नजर भिंतीवर गेली. “ती बघा! ती माझी पाटी!”

“हो, तुमचीच,” पाळक म्हणाले. “बसा जरा. तुमच्या पाटीवरच बोलतोय.”

“माझ्या पाटीवर बोलण्यासारखं काय आहे?”

“तेच सांगत होतो. लोकांनी अन्न उद्यासाठी उरवून ठेवलं, आणि सकाळी बघतात तर...”

“बुरशी,” पाववाले म्हणाले.

“किडे.”

“आधी बुरशी, मग किडे. हवा दमट असेल तर एका रात्रीत. आणि वास.”

“वासाचंही लिहिलंय,” पाळक म्हणाले आणि त्यांनी समोरच्या बायबलमध्ये बोट ठेवून दाखवलं.

पाववाले पुढे गेले, वाकून वाचलं. पानावर पीठ सांडलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “त्यांनी आधीच पाटी लावायला हवी होती.” आणि पहिल्या रांगेत नर्सबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. नर्सबाई स्टुलावरच बसल्या.

“पण या गोष्टीत मला नेहमी वाटतं ते वेगळंच आहे,” पाळक पुढे बोलू लागले. “झाकून ठेवलं ते ठेवलं. पण पहिल्या दिवशी सकाळी लोक बाहेर आले, जमिनीवर ते पडलेलं पाहिलं, आणि एकमेकांना काय विचारलं? ‘हे काय?’ रडून रडून मागितलं होतं, ते समोर आलं आणि ओळखता आलं नाही. त्यांच्या डोक्यात जेवण म्हणजे काहीतरी वेगळंच होतं.”

“गिऱ्हाईक असंच असतं,” पाववाले म्हणाले.

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते मामाकडे बघत होते. मामा बसच्या प्रवासात चुरगळलेल्या शर्टाची बाही हाताने सरळ करत होता. तो गोदामातला हेडक्लार्क असला तरी दिसतो एखाद्या परत आलेल्या पार्सलसारखा. बाबा त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की शेवटी तो घाबरला.

“काय झालं भावोजी? काही लागलंय का तोंडाला?”

“नाही,” बाबा म्हणाले. “सात आठवडे झाले, नाही का रे?”

“कशाला?”

“काही नाही. उपदेश ऐक.”

उपासना संपल्यावर आम्ही बाहेर पायऱ्यांवर उभे होतो. मामाने घड्याळ पाहिलं, आईने मामाकडे पाहिलं, आणि मामाने गळा साफ केला. “भावोजी, आता काय ते सांगा. मला मालकाला फोन करायचाय.”

“येतो,” बाबा म्हणाले.

ज्या आईने सात आठवडे याच शब्दासाठी जिवाचं रान केलं, ती म्हणाली, “येतो म्हणजे? असं कसं येतो?”

“तूच म्हणत होतीस ना?”

“म्हणत होते. तुम्ही ऐकाल असं कुठे म्हटलं होतं!” आणि तिचे डोळे भरून आले, तशी ती माझ्यावर ओरडली. “आणि तू! जड ती देवाची सांगितलं होतं ना!”

बाबा पायरीवर बसले. बोलायला त्यांना वेळ लागला. अक्षर काढताना लागतो तसा.

“मला वाटायचं माझा विश्वास मोठा आहे,” ते म्हणाले. “निम्मा विश्वास होता आणि निम्मा ब्रश होता. मी देवाकडे जेवण मागत होतो आणि ताट कुठलं, तेही मीच सांगत होतो. तो दर रविवारी याला पाठवत होता. दोन तास बसमध्ये उभं करून. आणि मी म्हणायचो, हे काय?”

मामाने थोडा विचार केला. “म्हणजे वाळवंटात पडलेलं ते मी?”

“हो.”

“भावोजी, मी तसा दिसतो का?”

“त्यांनाही ओळखू आलं नव्हतं,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात पाळक आणि पाववाले वाद घालत बाहेर आले. पाळकांना भिंतीवरची पाटी निदान महिनाभर हवी होती, अजून तीन उपदेश त्यात निघतील असं त्यांचं म्हणणं. पाववाल्यांना ती आजच हवी होती. शेवटी ते बाबांना म्हणाले, “ही राहू दे यांच्याकडे. मला सेम दुसरी करून द्या. उद्या दुपारपर्यंत.”

“मी पहाटे सहाच्या बसने चाललोय. गेटवर नोकरी लागली,” बाबा म्हणाले. “ही करून देईल.” आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“हिच्याकडून? घोळ हिनेच घातला ना?”

“घोळ वाटपात झाला. अक्षरात नाही.”

“बाबा, मला अक्षर कुठे येतं?” मी म्हणाले. “मी फक्त अस्तर देते.”

“अक्षर अस्तरावरच काढतात,” बाबा म्हणाले.

पाळकांनी दुसऱ्या पाटीसाठी हात पुढे केला. पाववाल्यांनी ती काखेतून काढली, एकदा वाचली आणि परत काखेत घातली.

“ही आत लावतो,” ते म्हणाले. “भट्टीजवळ. बाहेर नाही! आत. मला एकट्याला दिसेल अशी.” मग कुणी काही विचारायच्या आत रस्ता ओलांडून चालायला लागले.

दुपारी आईने बाबांच्या बॅगेची चेन बदलली. चांगली होती, तरी बदलली.

सोमवारी पहाटे बाबा निघाले तेव्हा मी त्यांच्याकडून काहीतरी मोठं वाक्य निघेल म्हणून दारात उभी होते. ते म्हणाले, “निळा घट्ट झालाय, टर्पेंटाइन घाल. आणि चार नंबरचा ब्रश मधून फाटतो, तो वापरू नकोस.” मग मामा आणि ते कोपऱ्यावरून वळले. आई लगेच मशीनवर बसली. मशीनला दोरा नव्हता, तरी दोन मिनिटं चालवलं.

मी प्लायवूडचा उरलेला तुकडा आणि डबे घेऊन बेकरीत गेले. पाववाल्यांनी काउंटरच्या बाजूला एक टेबल रिकामं करून दिलं आणि पाठ फिरवून आत निघून गेले. अस्तर सुकेपर्यंत मी बसून राहिले. मग ब्रश हातात घेतला आणि तसाच डब्यावर टेकवून ठेवला. इतकी वर्षं मी बाबांना रोज फक्त आजचं मागताना ऐकत आले होते आणि मला ती एक साधेपणाची हौस वाटायची. त्या टेबलाशी कळलं की आजच्या पलीकडचं मला काही दिसतच नाहीये. बाबा गेटवर टिकतील की नाही माहीत नाही, पहिला पगार महिन्याने, मशीनला दोरा नाही, आणि समोर पांढरं प्लायवूड. मी डोळे मिटले आणि म्हणाले, देवा, एवढी एक ओळ सरळ येऊ दे. बाकीचं नंतर बोलू.

ओळ सरळ आली नाही.

‘रोज ताजे’ बरं जमलं. ‘कालचे मागू नये’ थोडं वर चढलं. ‘उद्याचे आज मिळणार नाहीत’ या ओळीने तर डोंगरच चढायला घेतला, आणि ‘मिळणार’मधला ‘ळ’ अर्ध्या वाटेत दमून बसला.

पाववाले बाहेर आले. जवळून पाहिलं. “वाकडी आहे.”

“हो.”

“लांबून बघतो.” ते रस्त्यापलीकडे गेले, दोन गाड्या जाऊ दिल्या, बघितलं, परत आले. “लांबूनही वाकडी आहे.”

“पुसून परत करू?”

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्या निळ्या झालेल्या हातांकडे. काउंटरसमोर एक बाई थांबली होती. ती मान तिरकी करून पाटी वाचत होती, अगदी शेवटपर्यंत. मग तिने दोन पाव घेतले, पिशवीत टाकले आणि गेली.

“आधीची इतकी सरळ होती की लोकांनी वाचली नसती,” पाववाले म्हणाले. “राहू दे.”

त्यांनी कामाचे पैसे माझ्या हातात ठेवले आणि एक गरम पाव कागदात बांधून दिला. पुढचं काम काही दिलं नाही. मी विचारलंही नाही. येताना मी आईसाठी दोऱ्याचं एक रीळ आणि रात्रीपुरता शिधा घेतला, आणि मिळालेले पैसे त्यात संपले. तंतोतंत. मी घरी येऊन दोनदा तपासलं, कुठे काही उरलंय का.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते, खूप ट्रकचे.

“कसं चाललंय?” आईने विचारलं. तिने स्पीकर लावला होता आणि मशीन थांबवलं होतं.

“चांगलं आहे. एका नंबरला जरा वेळ लागतोय.”

“किती वेळ?”

“आठचा आकडा नीट यायला हवा ना. वरचं पोट लहान, खालचं मोठं.” पुन्हा हॉर्न. “रांग वळणापर्यंत गेलीये म्हणतात. मला इथून दिसत नाही.”

“अहो! मालक काय म्हणाले?”

“आले होते. रजिस्टर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मामाला म्हणाले, वीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच ट्रकचे नंबर वाचता आले.”

“आणि तुम्हाला?”

“मला म्हणाले, जरा भरभर काढा.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “कामावरून काढलं नाही ना मग?”

“नाही. सकाळी सातला यायला सांगितलंय. जेवण इथेच मिळतं. आज मिळालं.” मग आवाज जरा जवळ आला. “पाटी झाली?”

“झाली,” मी म्हणाले.

“ ‘ळ’ कसा आलाय?”

“बसलाय.”

पलीकडे कुणीतरी बाबांच्या नावाने ओरडत होतं.

“पहिल्या दिवशी माझाही बसला होता,” ते म्हणाले, आणि ट्रक आला म्हणून त्यांनी फोन ठेवला.